दवाखान्याचे बिल कधी भरायचे?

सांगलीहून मिरजेला निघाले की विश्रामबागेच्या पुढे वानलेसवाडी लागते. रोज या रस्त्याने ये-जा करणाऱ्या पुष्कळांना ते फक्त एका स्टॉपचे नाव वाटते. पण हे नाव एका डॉक्टरचे आहे. विल्यम जेम्स वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर म्हणून १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला. आधी सांगलीत त्याने छोटा दवाखाना चालवला आणि मग तो मिरजेत स्थिरावला. मिरज संस्थानाने जागा दिली, अमेरिकेतल्या देणगीतून इमारत उभी राहिली आणि १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. पुढे परिचारिकांचे शिक्षण, कुष्ठरोग्यांची सोय, क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम असा त्याचा विस्तार होत गेला. ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणून ते ओळखले जाऊ लागले आणि रेल्वेने दूरदूरचे रुग्ण मिरजेत उतरू लागले. मिरज आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ इथे आहे.

मिशन हॉस्पिटल सरकारी नव्हते आणि नफ्यासाठीही चालत नव्हते. ज्याची ऐपत होती तो फी देई, संस्थानिक आणि सावकार भरघोस देत, गरिबाचे ऑपरेशन फुकट होई. उरलेला खड्डा देणगीतून भरला जाई. ही घडी बसली तोवर फार चांगली चालली, पण ती कुणाच्या तरी औदार्यावर उभी होती. परदेशी देणग्या आटल्या, उपचार महागले, गावात एकेक खाजगी रुग्णालय उभे राहिले आणि पैसे देऊ शकणारा रुग्ण तिकडे वळला. मागे उरला तो न देऊ शकणारा. एके काळी अवघ्या दक्षिण महाराष्ट्राचा आधार असलेल्या या संस्थेला अलीकडच्या काळात मोठ्या आर्थिक ओढाताणीला तोंड द्यावे लागले. केवळ दानावर एखादे रुग्णालय काही पिढ्या चालू शकते. सगळ्या जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था तशी चालत नाही.

मग ती कशावर चालावी? सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या प्रश्नाचा अभ्यास करायला फार योग्य आहेत. १९४९ पर्यंत त्यांतला बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला भाग १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. इथे पाटण आणि जावळीची डोंगरदरी आहे, कृष्णाकाठचा ऊसपट्टा आहे आणि माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळी टापूही आहे. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय आहे, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे. त्याच कराडमध्ये कृष्णा साखर कारखान्याच्या नेतृत्वातून उभे राहिलेले, १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालवणारे कृष्णा रुग्णालय आहे. आणि या सगळ्यांच्या अवतीभोवती, तालुक्याच्या प्रत्येक पेठेत, खाजगी दवाखाने आहेत.

सरकारी दवाखाना फुकट आणि खाजगी दवाखाना पैशाचा, असे आपण सरसकट म्हणतो. ते बरोबर नाही. सिव्हिलमधल्या डॉक्टरचा पगार, सलाईन, ऑक्सिजन यांचे पैसेही आपणच देतो. साबण घेताना, मोबाइलचा रिचार्ज मारताना, मोटारसायकलीत पेट्रोल भरताना आपण कर भरतो. जतचा शेतमजूरसुद्धा भरतो. तेव्हा पैसे कोण देतो, हा प्रश्न फारसा उरत नाही. दोन्हीकडे आपणच देतो. ते कधी द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. धडधाकट असताना सगळ्यांनी मिळून थोडे थोडे द्यायचे, की आजार अंगावर आल्यावर एकट्याने एकदम द्यायचे?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च मोजला गेला. देशभराची सरासरी अशी निघाली: सरकारी रुग्णालयात एका वेळचे ४,४५२ रुपये, खाजगीत ३१,८४५ रुपये. सातपट फरक. सरकारीतला आकडा शून्य नाही हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी, बाहेर केलेली तपासणी असे मिळून तो होतो. सोबतच्या माणसाचे खाणेपिणे आणि गाडीभाडे त्यात धरलेलेही नाही. आणि ३१ हजार ही सरासरी आहे. मेंदूत रक्तस्राव झाला, किंवा कमी दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर बिल लाखांत जाते.

असे लाख कुठून येतात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, आजार त्या हप्त्याची वाट पाहत नाही. मग बायकोचे गंठण गहाण पडते, गोठ्यातली दुभती म्हैस जाते, बचत गटाचे कर्ज निघते, मेहुण्याकडून हातउसने घेतले जातात. माणदेशात शेळ्या-मेंढ्या विकल्या जातात. तेवढ्याने भागले नाही तर रस्त्याकडेची अर्धा एकर जाते. रुग्ण बरा होऊन घरी येतो आणि घर मात्र पुढची पाच-सात वर्षे आजारी राहते. मुलीचे कॉलेज सुटते, मुलगा मुंबईला हमालीला जातो. हे नुकसान दवाखान्याच्या कोणत्याही बिलात लिहिलेले नसते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: बाजार आहे, स्पर्धा आहे, जिथे स्वस्त आणि चांगले तिथे रुग्ण जाईल, मग दर आपोआप उतरतील. हे उत्तर का चालत नाही, याची मांडणी केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्ये एका लेखात केली. वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला सगळे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नसते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा वागत नाही, असे त्याच्या म्हणण्याचे सार. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात याचे उलट टोक पाहावे. खिलार खोंड घ्यायला आलेला शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, दोन-चार जाणत्यांना विचारतो, भाव पटला नाही तर पुढच्या दावणीला जातो. तोच शेतकरी रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या बापाला घेऊन आयसीयूच्या दारात उभा असतो तेव्हा काय बघणार? समोर फॉर्म येतो, तो सही करतो.

याचा ढळढळीत पुरावा हृदयाच्या स्टेंटने दिला. औषध सोडणाऱ्या स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या घरात होती. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर आणली आणि साध्या स्टेंटची ७,२६० वर. एका रात्रीत स्टेंटमध्ये कसलाही बदल झाला नव्हता. कंपनीपासून रुग्णालयापर्यंतच्या साखळीत मधल्या मध्ये किती रक्कम मुरत होती, ते फक्त उघडे पडले. त्या आधीची कित्येक वर्षे आपल्या भागातल्या माणसांनी तो फरक जमीन विकून भरला.

दुसरी गोष्ट कट प्रॅक्टिसची. गावचा डॉक्टर रुग्ण वर पाठवतो, लॅबला पाठवतो, स्कॅनला पाठवतो आणि त्यातले काही टक्के त्याच्याकडे परत येतात. सगळे डॉक्टर असे करत नाहीत. याविरुद्ध उघडपणे बोलणारे डॉक्टरही महाराष्ट्रात आहेत. पण ही रीत इतकी रुळली की २०१७ मध्ये राज्य सरकारला तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करावा लागला. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. जिथे प्रत्येक तपासणीमागे पैसा आहे तिथे तपासण्या वाढतात. सगळ्यांची नियत साफ असली तरी व्यवस्थेचा ओढा त्याच बाजूला राहतो.

एवढे सगळे असूनही लोक खाजगीत का जातात? त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे. आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळी असते आणि मजुराचा दिवसही सकाळीच सुरू होतो. केसपेपर, रांग, तपासणी, औषध यांत अर्धा दिवस गेला तर त्या दिवसाचा रोज बुडाला. मग ‘मोफत’ उपचार त्याला रोजाएवढ्याला पडला. खाजगी डॉक्टर संध्याकाळी सात वाजता भेटतो, नावाने हाक मारतो, पैसे थांबवून घेतो, रात्री दार वाजवले तर उठतो. मिरज-सांगली-कराडच्या खाजगी शल्यविशारदांच्या हाताला गुण आहे, हेही खरे. त्यांनी कर्ज काढून यंत्रे आणली नसती तर कित्येक रुग्णांना पुणे गाठावे लागले असते. खाजगी सेवेला शिव्या घालून हा विषय संपवणे सोपे आहे, पण त्यातून कुणाच्याही हाती काही लागणार नाही.

आता सार्वजनिक बाजू. भोर समितीने १९४६ मध्ये म्हटले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचाराविना राहू नये. पुढे त्याच विचाराने खेड्यापर्यंतची उतरंड बांधली गेली. साधारण ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात ३ हजार आणि २० हजारांना. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. या उतरंडीचे मोठे काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते आजार होऊ नये यासाठी असते. बाळाची लस, गरोदर बाईच्या रक्ताची तपासणी, पाण्याचे नमुने, डेंग्यूचा सर्व्हे. ही सगळी कामे अंगावर घेणारा खाजगी दवाखाना सहसा नसतो, कारण न झालेल्या आजाराचे बिल करता येत नाही.

विषारी साप चावल्यावर काय होते, ते मुद्दाम सांगतो. पाटणच्या भातखाचरात किंवा वाळव्याच्या उसात घोणस चावली तर पहिल्या काही तासांत सर्पदंशाची प्रतिलस लागते, तीही एकापेक्षा जास्त कुप्या. कुप्या महाग आणि खपाचा भरवसा नाही, म्हणून छोटा खाजगी दवाखाना त्या सहसा ठेवत नाही. सरकारी केंद्राने ठेवायच्याच असतात. कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनांचेही तेच. क्षयाचे पाहा. एके काळी वानलेसवाडीच्या किंवा पाचगणीच्या बेल-एअर सॅनेटोरियममध्ये महिनोन्महिने राहावे लागे. आज साध्या क्षयाला सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि त्या सरकारकडून मोफत मिळतात. हा धर्मादाय नव्हे. पैसे संपले म्हणून रुग्णाने दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या तर औषधाला दाद न देणारा क्षय तयार होतो, आणि तो खोकल्यातून एस्टीतल्या शेजाऱ्याला लागतो. शेजारी पांढऱ्या रेशनकार्डाचा असला तरी जंतू ते पाहत नाही.

पण ही व्यवस्था नुसती कागदावर भक्कम असून चालत नाही. डॉक्टरांची पदे रिकामी राहतात, भूलतज्ज्ञ नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयातले ऑपरेशन थिएटर बंद राहते आणि सिझेरियनसाठी बाई पुढे पाठवली जाते. सोनोग्राफीचे यंत्र येते, ते चालवणारा येत नाही. औषधखरेदीचा घोळ तर राज्याने वर्षानुवर्षे घातला. २०१७ पासून खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, ती रखडत गेली, मग २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरण काढले. त्याच वर्षी, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळे होती. रुग्णालयावरचा भार, माणसे आणि औषधे या सगळ्यांची चर्चा तेव्हा चार दिवस झाली. औषधांचा असा घोळ अपरिहार्य मुळीच नव्हता. तमिळनाडूने १९९०च्या दशकाच्या मध्यावर औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, कोणत्या गोदामात किती साठा आहे ते सतत पाहत राहण्याची शिस्त लावली, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात औषध मिळते हे लोकांच्या अंगवळणी पडले. सार्वजनिक सेवा म्हणजे गचाळ सेवा, असा काही नियम नाही.

या दोन वाटांच्या मधून महाराष्ट्राने तिसरी वाट काढली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर, म्हणजे सातारा-सांगलीतही आली. पिवळ्या आणि केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, मूत्रपिंड बदलण्यासाठी अडीच लाखांपर्यंत, ९७२ प्रकारचे उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, मग दोन्ही एकत्र चालू लागल्या. २०२३ मध्ये राज्याने मर्यादा ५ लाखांवर नेली, उपचार १,३५६ केले आणि पांढऱ्या कार्डासह सर्व रहिवाशांना योजनेत घेतले. १ जुलै २०२४ पासून ते लागू झाले.

योजनेत पैसे सरकारचे आणि उपचार बहुतेक वेळा खाजगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात. रुग्णालयाच्या दाराशी टेबल टाकून बसलेला आरोग्यमित्र कागद पाहतो, मंजुरी मागवतो. या योजनेमुळे आपल्या दोन जिल्ह्यांत हजारो माणसांच्या अँजिओप्लास्टी झाल्या, कर्करोगाच्या केमो झाल्या, डायलिसिस झाले. हे मोठे काम आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्या घरात पूर्वी म्हैस गेली असती तिथे ती राहिली.

तरी माझे मत असे की ही योजना सार्वजनिक आरोग्यसेवेची जागा घेऊ शकत नाही, आणि ती घेईल असे समजून सरकार चालले तर घात होईल. योजना माणूस दाखल झाल्यावर सुरू होते. साखर आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, इन्सुलिन, मुलाचा दमा हा सगळा खर्च तिच्या बाहेर. ऊसपट्ट्यात मधुमेह घरोघर आहे. गोळ्या महिन्याच्या महिन्याला परवडल्या नाहीत म्हणून माणूस त्या एकाआड एक दिवस घेतो, दहा वर्षांनी मूत्रपिंड जाते, मग योजनेतून आठवड्याला दोन-तीन डायलिसिस. सरकार त्या डायलिसिसला हजारो रुपये देते आणि शंभर रुपयांच्या गोळ्या उपकेंद्रात वेळेवर पोचवत नाही. याला काटकसर म्हणता येणार नाही.

शिवाय योजनेचे पॅकेज ठरावीक. रुग्णालयांची तक्रार असते की दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात. त्यात तथ्य आहे. त्याचा परिणाम मात्र रुग्णाला भोगावा लागतो: ‘हा आजार योजनेत बसत नाही’, ‘आज योजनेचा बेड नाही’, ‘हे सामान वेगळे घ्यावे लागेल’. ज्या ऑपरेशनला दर बरा ते पटकन होते आणि ज्यात तोटा त्याचा रुग्ण शेवटी सिव्हिलला येतो. म्हणूनच सिव्हिल भक्कम असणे योजनेसाठीसुद्धा गरजेचे आहे. सरकारकडे स्वतःचे चालते थिएटर असेल तरच त्याला खाजगी रुग्णालयाशी दराची बोलणी बरोबरीने करता येतात. सरकारी रुग्णालयाने योजनेतून ऑपरेशने केली तर दाव्याचे पैसे त्यालाही मिळतात, आणि त्यातून यंत्रे दुरुस्त होऊ शकतात.

कोविडने हे सगळे दोन वर्षांत दाखवले. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि सांगली जिल्हा एकाएकी राज्याच्या बातम्यांत आला. त्या रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. घरोघर फिरून ताप मोजला तो आशा आणि अंगणवाडी ताईंनी. शहराच्या सीमा बंद करून संपर्कातली माणसे शोधण्याचे काम सरकारी यंत्रणेनेच केले. साथ वाढली तशी खाजगी रुग्णालयांची गरज लागली, आणि बिलेही वाढली. २१ मे २०२० रोजी राज्याने खाजगीतले ८० टक्के बेड सरकारी दराखाली आणले: साध्या वॉर्डात दिवसाला ४ हजार, आयसीयूत साडेसात हजार, व्हेंटिलेटरवर ९ हजार. पुढे २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग करून लहान शहरांत हे दर आणखी उतरवले. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि जादा घेतलेले पैसे अनेकांना परत मिळाले. साथ ओसरल्यावर दरांवरचा लगाम सुटला. पण एवढे सिद्ध झाले की सरकारने मनावर घेतले तर दर बांधता येतात.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. ब्रिटनने महायुद्धाने मोडून पडलेल्या काळात, ५ जुलै १९४८ रोजी, करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. तिथे आज नियोजित उपचारांसाठी ७० लाखांहून मोठी प्रतीक्षायादी आहे, आणि हा त्या व्यवस्थेचा खरा दोष आहे. पण ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तिथला माणूस पाकीट चाचपत नाही. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालते, ब्रिटन सुमारे ११ टक्के, आणि सरासरी आयुष्य अमेरिकेचे कमी आहे. आपल्याला जवळचा धडा थायलंडचा. २००१-०२ मध्ये, आपल्यासारख्याच मध्यम ऐपतीच्या त्या देशाने ३० बाटमध्ये उपचार देणारी योजना आणली तेव्हा पैसा आधी तालुक्याच्या रुग्णालयाकडे आणि त्याच्या खालच्या केंद्रांकडे वळवला. प्रत्येक माणूस एका केंद्राशी जोडला. ऑपरेशनचे पॅकेज हा तिथला पाया नव्हता. आपण सुरुवातच पॅकेजपासून केली.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल, आज हाताशी असलेले हक्क तरी वापरले पाहिजेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळे तो निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. ज्या ट्रस्ट रुग्णालयांना धर्मादाय म्हणून सवलती मिळतात त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या वेळी अशा रुग्णालयाने आधी जीव वाचवायचा असतो, अनामत रकमेची बोलणी नंतर. एका गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितली गेली होती, असा आरोप तिच्या मृत्यूनंतर एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झाला, तेव्हा हा नियम पुन्हा सगळ्यांना आठवला. जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी नर्सिंग होमनेही प्रमुख सेवांचे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ते दिसत नसेल तर विचारावे. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे लिहिले होते. २०२१-२२ मध्ये, कोविड ऐन भरात असताना, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षीही देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्के पैसा लोकांच्या खिशातून थेट गेला. त्याच्या आठ वर्षे आधी तो ६४ टक्के होता, म्हणजे वाट बरोबर आहे, चाल मंद आहे.

ही चाल गावातून वाढवता येते. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती आहे. बहुतेक गावांत त्यांचे सदस्य कोण हेही ठाऊक नसते. पुढच्या ग्रामसभेत एवढे तीन प्रश्न विचारा: आपल्या केंद्रात डॉक्टरांची पदे किती आणि भरलेली किती? सर्पदंशाच्या प्रतिलसीच्या कुप्या आज किती शिल्लक आहेत? साखर-रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या तीन महिन्यांत कधी संपल्या होत्या? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला पाठवा.